माता-बाल आरोग्यासाठी देशव्यापी संशोधन नेटवर्क कसे उभारावे: नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी

वर्षाला दहा हजार बाळंतपणे होणारे रुग्णालय मुंबईतही मोठेच मानले जाते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० च्या आकडेवारीनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होत होते आणि महाराष्ट्रात ३३. राज्याच्या सरासरीने हिशेब केला तर एवढ्या मोठ्या रुग्णालयाच्या वाट्यालाही वर्षाकाठी तीन-चार मृत्यू येतात. प्रत्यक्षात अत्यवस्थ स्त्रिया आसपासच्या जिल्ह्यांतून तिथे पाठवल्या जातात म्हणून आकडा बराच वाढतो, पण तो वाढीव आकडाही एखाद्या कारणाचा छडा लावायला किंवा एखाद्या उपचाराची परीक्षा घ्यायला पुरत नाही. अनेक रुग्णालयांनी, प्रसूतिगृहांनी आणि गावपातळीवरच्या संस्थांनी एकाच प्रश्नावर एकाच पद्धतीने नोंदी ठेवल्या, तरच उत्तर हाती लागण्याइतकी संख्या जमते. संशोधन नेटवर्क लागते ते यासाठी.

मुंबईत बसून असे काम सुरू करणाऱ्याला साधनांची वानवा नाही. परळमध्ये १९२६ सालचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, १९२९ सालचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय, केईएम रुग्णालय, त्याच्याच आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आणि १९७० पासून काम करणारी, आज राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था या नावाने ओळखली जाणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआरची) संस्था, हे सारे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, जिच्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा असते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली आणि ती सुरू करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी पुढे १९९९ मध्ये वस्त्यांमधल्या माता-बालकांसाठी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. असे असूनही केवळ नामवंत संस्थांची नावे एका कागदावर आली म्हणून नेटवर्क होत नाही. गरोदर स्त्री एका जागी राहत नाही: नाव नोंदवते एकीकडे, सोनोग्राफी करते दुसरीकडे, बाळंत होते तिसरीकडे आणि बाळाच्या लसी चौथ्या ठिकाणी घेते. या चारही ठिकाणी तिची नोंद एकच राहिली, तर ते नेटवर्क. पुढच्या साऱ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

पहिली पायरी: प्रश्न निवडणे

जो प्रश्न एका रुग्णालयाला वर्षभरात सोडवता येईल त्यासाठी नेटवर्क उभारू नये. नेटवर्कचा प्रश्न असा असावा की ज्यासाठी मोठी संख्या लागते, किंवा ज्याचे उत्तर ठिकाणागणिक बदलण्याची शक्यता असते. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न मला जास्त मोलाचे वाटतात आणि याचे एक उदाहरण प्रत्येक नवख्याने नीट अभ्यासावे असे आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. मोठ्या रुग्णालयांत हा उपचार फार पूर्वीच रुळला होता, तेव्हा तो खालच्या पातळीवरच्या आरोग्य केंद्रांतही पोहोचवावा असा विचार पुढे आला. ‘ग्लोबल नेटवर्क’ या आंतरराष्ट्रीय नेटवर्कने सहा देशांत त्याची चाचणी घेतली, ज्यात आपल्याकडची नागपूर आणि बेळगाव ही केंद्रे होती. २०१५ मध्ये निकाल आला तो साऱ्यांना विचारात टाकणारा होता: सर्वांत कमी वजनाच्या बाळांना लाभ दिसला नाही आणि एकूण नवजात मृत्यू उलट वाढलेले दिसले. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस पक्के करून, २६ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान प्रसूतीची शक्यता असलेल्या स्त्रियांवर चाचणी घेतली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात स्टेरॉइड मिळालेल्या गटात नवजात मृत्यूचे प्रमाण १९.६ टक्के, तर न मिळालेल्या गटात २३.५ टक्के होते. औषधाचा प्रकार तोच असताना दिवस किती भरले हे खात्रीने ठाऊक असणे आणि जन्मानंतर बाळाची नीट काळजी घेणारी जागा असणे, या दोन गोष्टींनी निकाल पालटल्याचे दिसते. ही दोन्ही उत्तरे एकट्यादुकट्या रुग्णालयाला कधीच मिळाली नसती.

दुसरी पायरी: सोबती निवडणे

नवखा माणूस साहजिकच आपल्यासारख्या संस्था शोधतो. वैद्यकीय महाविद्यालयातला दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयाला फोन करतो आणि पाहता पाहता देशभरातल्या मोठ्या रुग्णालयांचे एक मंडळ तयार होते. अशा मंडळाचे निष्कर्ष अत्यवस्थ होऊन रेफर झालेल्या स्त्रियांपुरतेच खरे असतात. साधी, बिनगुंतागुंतीची बाळंतपणे महापालिकेच्या प्रसूतिगृहांत, उपनगरीय रुग्णालयांत आणि गल्लीतल्या खासगी नर्सिंग होममध्ये होतात. ती ठिकाणे सुरुवातीपासून सोबत हवीत.

वेगवेगळ्या भूभागांचे सोबती का हवेत, याचा धडा आपल्या शहरातच मिळाला आहे. झारखंड-ओडिशाच्या ग्रामीण भागात महिलांच्या गटांच्या बैठका घेऊन बाळंतपण आणि नवजात बाळाची काळजी यांवर चर्चा घडवल्यावर नवजात मृत्यू जवळपास एकतृतीयांशाने घटल्याचे २०१० मध्ये दिसले होते. त्याच धर्तीवर मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ४८ वस्त्या-समूहांत झालेल्या चाचणीत नवजात मृत्यूंवर तसा परिणाम आढळला नाही आणि संशोधकांनी तो निकाल २०१२ मध्ये जसाच्या तसा प्रसिद्ध केला. अशा प्रामाणिक ‘नाही’ला फार मोल आहे. दोन्ही ठिकाणे एकाच नेटवर्कमध्ये असती तर फरक कशामुळे पडला याची तुलना अधिक नेटकी झाली असती.

म्हणून पहिल्या टप्प्यात चार-पाचच केंद्रे घ्यावीत, पण ती एकमेकांहून भिन्न असावीत. मुंबईतून सुरुवात करायची तर एक मोठे रुग्णालय, त्याच्याकडे रुग्ण पाठवणारी दोन प्रसूतिगृहे, डहाणूसारख्या आदिवासी पट्ट्यातले एक केंद्र (आयसीएमआरच्या परळच्या संस्थेचा ग्रामीण संशोधन घटक तिथे आहेच) आणि राज्याबाहेरचे एक, एवढे पुरे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूत स्त्रियांकडून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये दाखवले आणि पुढे ती पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली. ते काम कोणत्याही मोठ्या रुग्णालयात झालेले नव्हते.

परवानग्यांची एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालये आणि त्यांची रुग्णालये एका संचालकांच्या अखत्यारीत येतात, तर आरोग्य केंद्रे, दवाखाने आणि प्रसूतिगृहे कार्यकारी आरोग्य अधिकाऱ्यांच्या. दोन्हीकडे स्वतंत्र पत्र द्यावे लागते आणि एकीकडची मंजुरी दुसरीकडे चालत नाही.

तिसरी पायरी: व्याख्या आणि रजिस्टर

या पायरीवर जितका वेळ द्याल तितका थोडाच. लेबर रूममधले कोणतेही जुने रजिस्टर उघडा आणि जन्मवजनाचा रकाना वरून खाली वाचा. २५००, २५००, ३०००, २५००, २८००, २५००. निसर्ग बाळांना असे गोल आकडे देत नाही. २५०० ग्रॅमच्या आतले बाळ कमी वजनाचे गणले जाते, त्याच्या पुढच्या नोंदी आणि रेफरची धावपळ वाढते, काटा शंभर-शंभर ग्रॅमचाच असतो आणि एका पाळीत सिस्टरच्या हाताखाली अनेक बाळंतपणे असतात. अशा वेळी २४६० चे २५०० कसे होतात हे समजण्यासारखे आहे. दोष सिस्टरला देऊन काही साधत नाही. दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, त्याची दर आठवड्याला ठरावीक वजनाने तपासणी आणि ‘दिसेल तोच आकडा लिहावा’ ही एका ओळीची सूचना भिंतीवर, एवढ्याने रकाना बदलतो. महिन्याच्या शेवटी प्रत्येक केंद्राच्या नोंदींत शून्य-शून्यने संपणारी वजने किती आहेत हे मोजावे. केंद्राच्या साऱ्या आकड्यांवर कितपत विसंबावे, हे त्यावरूनच पुष्कळसे कळते.

दुसरा रकाना दिवसांचा. शेवटच्या पाळीची तारीख अनेकींना नक्की आठवत नाही, तेव्हा ती सणावारावरून काढून घ्यावी लागते: गणपतीच्या आधी की नंतर, मुलांच्या शाळा सुरू झाल्या होत्या का. चौदा आठवड्यांच्या आत झालेल्या सोनोग्राफीतून मिळणारा अंदाज सर्वांत भरवशाचा असतो. म्हणून नोंदणी लवकर होणे ही नेटवर्कची स्वतःचीच गरज आहे. दिवस कोणत्या आधारे ठरवले, पाळीवरून की सोनोग्राफीवरून आणि सोनोग्राफी कितव्या आठवड्यात झाली, हे प्रत्येक नोंदीत स्वतंत्रपणे लिहिलेच पाहिजे. वर सांगितलेल्या स्टेरॉइडच्या दोन चाचण्यांमधले अंतर आठवले की याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

मृत्यूच्या व्याख्या तर पहिल्या बैठकीतच लेखी ठराव्यात. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी २८ आठवड्यांनंतरचा उपजत मृत्यू (बाळ मृतच जन्मणे) मोजतात, काही संस्था २० किंवा २२ आठवड्यांपासून मोजतात. जन्मानंतर दोन श्वास घेऊन गेलेले बाळ एका ठिकाणी ‘उपजत मृत’ म्हणून लिहिले जाते, दुसऱ्या ठिकाणी ‘नवजात मृत्यू’ म्हणून. मातामृत्यू गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांपर्यंत धरला जातो, पण तोवर स्त्री प्रसूती विभागातून केव्हाच घरी गेलेली असते आणि तिचा मृत्यू मेडिसिन विभागात किंवा गावी झाला, तर प्रसूती विभागाच्या रजिस्टरला त्याचा पत्ताही लागत नाही. व्याख्या एक असणे आणि ती प्रत्येक पाळीतल्या प्रत्येक सिस्टरला उदाहरणासह ठाऊक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी साधण्यासाठी त्या त्या ठिकाणी जाऊन मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये, जिथली जी भाषा तिच्यात, खऱ्या केस पेपरवर सराव घ्यावा लागतो.

रकाने थोडे असावेत. प्रत्येक तज्ज्ञाला आपल्या विषयाचे दहा प्रश्न घालायचे असतात, ते घातले की अर्ज बारा पानी होतो आणि शेवटची आठ पाने कोरी राहतात. मूळ नोंद दोन पानांत बसवावी आणि विशेष प्रश्नांसाठी मर्यादित काळाची वेगळी पुरवणी जोडावी. माता-बाल संरक्षण कार्डावरचा आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) क्रमांक प्रत्येक नोंदीत घ्यावा, कारण दोन ठिकाणच्या नोंदी जुळवण्याचा तोच सर्वांत सोपा दुवा आहे. संगणकावर नोंदी ठेवण्यासाठी रेडकॅप किंवा ओडीके यांसारखी साधने ना-नफा संस्थांना परवाना शुल्काशिवाय मिळू शकतात, नवे सॉफ्टवेअर बनवून घेण्याच्या फंदात पडू नये.

चौथी पायरी: आईचा मागोवा

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. धारावीत किंवा गोवंडीत नाव नोंदवलेली स्त्री सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की रत्नागिरीला, सोलापूरला, आझमगडला नाहीतर कलबुर्गीला जाते आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यावर परतते. संशोधकाच्या तक्त्यात ती ‘संपर्क तुटला’ या रकान्यात जाते. अशा स्त्रिया बहुधा पहिलटकरणी, म्हणजे वयाने लहान असतात. त्या गळाल्या की उरलेल्या आकडेवारीचा तोलच ढळतो, निष्कर्ष दुसरे-तिसरे बाळंतपण असलेल्यांकडे झुकतात आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय नोंदणीच्या दिवशीच करायचा असतो. ‘तुमचा मोबाइल नंबर’ एवढे विचारून भागत नाही, कारण तो बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो आणि तो दिवसभर कामावर असतो. नवऱ्याचा, सासूचा, माहेरच्या माणसाचा आणि एका शेजारणीचा असे क्रमांक घ्यावेत, पण प्रत्येक क्रमांकावर काय बोललेले चालेल हे त्या स्त्रीला विचारून लिहून ठेवावे. काहींना सासरी पूर्वीचा गर्भपात सांगितलेला नसतो, काहींनी गर्भारपणाची बातमीच अजून फोडलेली नसते. माहेरचा तालुका, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जाण्याचा अंदाजे महिनाही नोंदवावा.

हे विचारण्याचे काम वस्तीतली आरोग्य सेविकाच करू शकते. “ताई, पहिलं बाळंतपण माहेरीच ना? मग आईचा नंबर द्या, बाळ झालं की मी फोन करीन, वजनाचा कागद तेवढा जपून ठेवा,” असे ती सहज म्हणते आणि चार महिन्यांनी फोन केल्यावर पलीकडून आवाज ओळखून उत्तर मिळते. तीच चौकशी अनोळखी क्रमांकावरून एखाद्या कॉल सेंटरने केली तर फोन ठेवला जातो. म्हणून तिच्या या वाढीव कामाचे मानधन पहिल्या अंदाजपत्रकातच धरावे आणि ते वेळच्या वेळी द्यावे. सेविकेला राबवून घ्यायचे आणि उरले तर पाहू म्हणायचे, हे अन्यायाचे आहे आणि आकड्यांच्या दृष्टीनेही घातक आहे.

नेटवर्क देशव्यापी असण्याचा खरा लाभही इथेच मिळतो. गोवंडीतून गेलेली स्त्री ज्या जिल्ह्यात बाळंत होते तिथले केंद्र आपल्यासोबत असेल, तर तिची नोंद तिथल्या सेविकेकडे सोपवता येते. तेव्हा राज्याबाहेरचा सोबती निवडताना आपल्या वस्तीतल्या स्त्रिया कोणत्या जिल्ह्यांत जातात याची यादी काढून त्यावरून निवड करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पाचवी पायरी: संमती, समिती आणि कायदे

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनेक केंद्रांच्या अभ्यासासाठी सामाईक नैतिक परीक्षण करता येते. सर्व एथिक्स कमिट्या त्याला तयार असल्या तर बराच वेळ वाचतो, तरी प्रत्येक केंद्राच्या स्थानिक समितीचे म्हणणे घ्यावेच लागते. उपचाराची चाचणी असेल तर पहिल्या स्त्रीची नोंद होण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी हवी. परदेशी संस्था किंवा परदेशी निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते, तिच्यासाठी काही महिने वेगळे ठेवावेत.

संमती कळा सुरू झाल्यावर घेऊ नये. त्या अवस्थेतली सही ही संमती नव्हे. प्रसूतिपूर्व तपासणीच्या एका भेटीत माहिती द्यावी, कागद घरी नेऊ द्यावा आणि पुढच्या भेटीत विचारावे. घरच्यांशी बोलायचे असेल तर तिने जरूर बोलावे, पण निर्णय तिचा आहे आणि नकार दिला तरी उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हे तिला तिच्या भाषेत सांगितलेच पाहिजे.

माता-बाल संशोधनाला लागू होणारे दोन कायदे नवख्यांच्या ध्यानात उशिरा येतात. पहिला १९९४ चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा. दिवस ठरवण्यासाठीच्या प्रत्येक सोनोग्राफीला ‘एफ’ नमुना भरावा लागतो आणि यंत्र ज्या जागेसाठी नोंदलेले आहे तिथून ते मनाला येईल तसे वस्तीत नेता येत नाही, त्यामुळे स्त्रीच केंद्रापर्यंत येईल अशी व्यवस्था आणि येण्या-जाण्याचा खर्च धरावा. दुसरा २०१२ चा पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा. अठराच्या आतली मुलगी गरोदर असल्याचे कळले की ते पोलिसांना कळवणे बंधनकारक ठरते. अशी मुलगी नोंदणीसाठी येणार हे गृहीत धरून, तिची काळजी तुटणार नाही अशी कार्यपद्धती एथिक्स कमिटी आणि कायद्याच्या जाणकारासोबत आधीच लिहून ठेवावी. नाहीतर ओझे आरोग्य सेविकेच्या डोक्यावर येते आणि मुलगी रुग्णालयात यायचीच बंद होते.

सहावी पायरी: पैसा

आयसीएमआर, जैवतंत्रज्ञान विभाग आणि कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी हे देशातले मुख्य मार्ग. परदेशी निधी घेताना एक अट नेटवर्कच्या रचनेवरच परिणाम करते: परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या एफसीआरए कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. ‘मुख्य संस्थेकडे रक्कम येईल आणि ती केंद्रांना वाटली जाईल’ अशी आखणी केली असेल तर ती सुरुवातीलाच कोलमडते. प्रत्येक केंद्राचा करार आणि खाते स्वतंत्र हवे. निधी प्रकल्पापुरता येतो, रजिस्टर मात्र वर्षानुवर्षे चालवायचे असते, म्हणून मूळ नोंदीचा खर्च इतका कमी ठेवावा की दोन प्रकल्पांच्या मधल्या काळातही ती बंद पडू नये.

सातवी पायरी: चालवणे आणि वाढवणे

ब्रिटनमध्ये २००५ पासून चालणाऱ्या दुर्मीळ प्रसूतिविकारांच्या नोंदणीत प्रत्येक रुग्णालयाला दरमहा विचारले जाते आणि एकही रुग्ण नसेल तर ‘नाही’ असेही कळवावे लागते. ही पद्धत आपण जशीच्या तशी घ्यावी. न आलेला अहवाल आणि शून्याचा अहवाल यांत फार मोठे अंतर आहे. केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून मातामृत्यूंचे गोपनीय परीक्षण चालवले आहे, त्यात डॉक्टरांची आणि रुग्णालयांची नावे बाजूला ठेवून काय चुकले ते शिकले जाते. शिक्षेची भीती असेल तिथे खरा केस पेपर पुढे येत नाही, त्यामुळे गोपनीयतेची हमी केंद्रांशी होणाऱ्या करारातच लिहावी.

जे केंद्र आकडे पाठवते त्याला त्याचे आकडे दर तिमाहीला परत मिळाले पाहिजेत, बाकीच्या केंद्रांच्या सरासरीसह आणि त्यांना उपयोगी पडेल अशा स्वरूपात. प्रसूतिगृहाच्या मेट्रनला आपल्याकडून किती स्त्रिया रेफर झाल्या आणि पुढे त्यांचे काय झाले हे कळले, तर ती रजिस्टर स्वतःचे समजून सांभाळते. आज रेफर केल्यानंतरची बातमी तिच्यापर्यंत सहसा येतच नाही.

लेखांवर कुणाची नावे असतील, आकडे कोणाला वापरता येतील आणि एखाद्या केंद्राने बाहेर पडायचे ठरवले तर त्याच्या नोंदींचे काय होईल, हे पहिला आकडा येण्यापूर्वी लिहून सह्या घ्याव्यात. छोट्या केंद्रातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना लेखनात खरा वाटा मिळावा, आभाराच्या ओळीवर त्यांची बोळवण होऊ नये.

नवे केंद्र घेताना ते नावाजलेले आहे की नाही हे पाहू नये. तीन महिने मूळ दोन पानी नोंद भरायला द्यावी आणि तीन गोष्टी तपासाव्यात: नोंदलेल्या गरोदर स्त्रियांपैकी कितीजणींचे बाळंतपण कुठे झाले हे कळले, वजनाच्या रकान्यात गोल आकडे किती आहेत आणि ४२ व्या दिवशी किती माता-बालकांची खबर मिळाली. पहिल्या चार-पाच केंद्रांनाही वर्षातून एकदा हीच कसोटी लावावी आणि तिच्यात जे मागे पडेल त्याच्याकडे कागद मागवण्याऐवजी माणूस पाठवावा, जो आठवडाभर लेबर रूममध्ये आणि वस्तीत राहून अडचण कुठे आहे ते पाहून येईल.